लाइफ मेंबरांची सभा

आमचे दादा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजच्या कचेरीत लेखनिक होते. कॉलेज 1919 चं. दादा तिथं लागले ते त्यानंतर पाच-सात वर्षांनी. नेमकं साल घरात कुणालाच सांगता येत नसे. आक्का, माझी आजी, तो हिशेब थोरल्या आत्याच्या बारशावरून लावायची आणि दर वेळी एखादं वर्ष इकडंतिकडं व्हायचं. सांगली आणि मिरजेच्या मधोमध विश्रामबागला तेव्हा मोकळं रान होतं. काळी जमीन, बाभळी, आणि पावसाळ्यात वहाण रुतली की हातानं उपसून काढावी लागेल असा चिखल. त्या रानात डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं आपलं दुसरं कॉलेज काढलं. पुण्याचे प्रोफेसर तिथं बदलून येत. पुण्याच्या हवेतून आलेल्या त्यांच्या बायकांना कृष्णाकाठची वांगी आणि ज्वारीची भाकरी आवडायला लागेपर्यंत आक्काच्या म्हणण्याप्रमाणे एक उन्हाळा जायचा.

दादा सकाळी निघताना कधीकधी सांगून जात, "आज सभा आहे, उशीर होईल." मग आक्का संध्याकाळी आमटी-भाताच्या भानगडीत पडायची नाही. भाकरी, दाण्याची चटणी, दही. गार झालं तरी चालणारं जेवण. आणि दादांच्या पिशवीत भडंगाचा एक मोठा डबा जायचा, तो सभेसाठी. लसूण ठेचून घातलेलं, कढीपत्त्याचं, तिखटजाळ भडंग. कॉलेजचा शिपाई चहा करायचा आणि ही मोठमोठी माणसं कागदाच्या तुकड्यांवर भडंग घेऊन टाइमटेबलावर वाद घालायची. दादा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मुद्दे टिपत आणि दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात प्रोसिडिंग बुकात उतरवत. त्यांचं अक्षर मी पाहिलंय. दुकानाच्या हिशेबाच्या वहीतसुद्धा शिरोरेषा पट्टीनं मारल्यासारखी.

लहानपणी मला वाटायचं, कॉलेजचा मालक कुणीतरी असेल आणि तो या प्रोफेसरांना बोलावून घेत असेल. एकदा मी दादांना तसं विचारलंही. ते म्हणाले, "मालक कुठला? शिकवतात तेच चालवतात." त्यांनी हे अगदी सहज सांगितलं होतं. त्यात किती मोठी गोष्ट आहे हे मला स्वतः नोकरीला लागल्यावर कळलं.

ही रीत विश्रामबागला जन्मली नव्हती, ती पुण्याहून आली होती. 1880 च्या 1 जानेवारीला विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आगरकर त्यांना मिळाले, वामन शिवराम आपटे आले. विष्णुशास्त्री 1882 मध्येच गेले. 1884 च्या ऑक्टोबरात सोसायटी स्थापन झाली आणि 1885 च्या जानेवारीत शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. आज फर्ग्युसन रस्त्यावरून जाताना ती भव्य इमारत पाहून कुणाच्या मनात येणार नाही, पण पहिली दहा वर्षं हे शहरातल्या जागेत भरणारं लहानसं कॉलेज होतं. चतुःशृंगीच्या बाजूच्या माळावर ते 1895 मध्ये गेलं.

या मंडळींनी कारभाराची जी घडी घातली ती अशी. जे शिकवतील त्यांनी वीस वर्षांची शपथ घ्यायची. पगार महिना 75 रुपये, आणि माणूस मध्येच गेला तर कुटुंबासाठी आयुष्याचा विमा. ते आजीव सभासद, लाइफ मेंबर. देणगीदारांमधून आलेले लोक आणि हे आजीव सभासद मिळून वरची कौन्सिल. पण शाळा-कॉलेजचा आतला कारभार, कुणी काय शिकवायचं, कुणाला घ्यायचं, पैसा कशावर घालायचा, प्राचार्य कोण, हे आजीव सभासदांच्या मंडळात ठरायचं. प्रत्येकाला एक मत. प्राचार्यालाही एकच.

दादांचे थोरले बंधू, आम्ही त्यांना मोठे काका म्हणायचो (खरं तर चुलतआजोबा), 1905 च्या आगेमागे फर्ग्युसनात शिकत होते. मी त्यांना पाहिलेलं ते अगदी थकलेले, सोप्यात घोंगडीवर बसलेले, पायाला सतत तेल चोळत. सुपारी कातरता कातरता ते पुण्याच्या गोष्टी सांगत. त्यांतल्या काही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या आणि काही त्यांच्या मास्तरांकडून ऐकलेल्या. सांगताना ते दोन्हींची सरमिसळ करत, त्यामुळे टिळकांनी राजीनामा दिला तेव्हा आपण दाराशीच उभे होतो असं ऐकणाऱ्याला वाटे. प्रत्यक्षात त्या वेळी ते पाळण्यात असतील.

त्या राजीनाम्याची गोष्ट मात्र घरात पुन्हा पुन्हा निघायची. शाळेच्या पुस्तकात आम्ही शिकलो की टिळक आणि आगरकर यांच्यात राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी असा वाद झाला. मोठे काका म्हणत, तो वाद होताच, पण सभेत भांडण झालं ते पैशावरून आणि वेळेवरून. टिळकांचं म्हणणं असं की आपण जेझुइट पाद्र्यांसारखे राहायचं ठरवलंय. सगळ्यांना सारखा पगार आणि बाहेरून जे मिळेल ते संस्थेत. दुसऱ्या बाजूला माणसांचे संसार होते. आगरकरांना दमा, घरात खाणारी तोंडं. पगार थोडा वाढवावा की नाही, यावर सभांमागून सभा झाल्या. आपटे संस्कृतची पुस्तकं लिहीत, याच सभासदांतल्या गोखल्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांत चालू लागलं. त्याचे पैसे कुणाचे, लिहिणाऱ्याचे की संस्थेचे? होळकर महाराजांनी दिलेल्या 700 रुपयांवरूनही मनं दुखावली. शेवटी 1890 मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं. टिळकांनी विचारलं की ज्यानं सगळा वेळ कॉलेजला द्यायची शपथ घेतलीय, त्यानं हे काम घ्यावं का? त्यात ते एकटे पडत गेले आणि डिसेंबरात त्यांनी सविस्तर कारणं लिहून कायमचा राजीनामा दिला. ज्या संस्थेसाठी आयुष्य वाहायचं ठरवलं, ती त्यांनी चौतिसाव्या वर्षी सोडली.

आक्काला या गोष्टीत टिळकांची बाजू कधी पटली नाही. ती पाटावर बसून भाज्या निवडत ऐकायची आणि म्हणायची, "पाच माणसांचं घर चालवणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं." मोठे काका टिळकांचे कट्टर. दादा मध्ये. दादांचं एकच म्हणणं असे की हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. कोण काय म्हणालं, कुणी विरोध केला, मतं किती पडली. रागानं निघून गेलेल्या माणसानंही आपली कारणं कागदावर दिली आणि संस्थेनं तो कागद जपला. लेखनिकाच्या नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला हेच सगळ्यांत मोलाचं वाटावं, याचं मला आता नवल वाटत नाही. मलाही तसंच वाटतं. ज्या सभेत टिळक हरू शकत होते, ती सभा खरी होती.

आपटे 1892 मध्ये गेले, चौतीस वर्षांचे. मग आगरकर प्राचार्य झाले आणि तेही 1895 च्या जूनमध्ये गेले, एकोणचाळिसाव्या वर्षी. त्यांचा मृत्युलेख लिहिताना टिळकांच्या डोळ्यांतलं पाणी खळेना, असं मोठे काका सांगत आणि सांगता सांगता उपरण्यानं स्वतःचे डोळे पुसत. आक्काही अशा वेळी काही बोलायची नाही.

टिळक गेले आणि गणिताची जागा रिकामी झाली. तिथं 1891 मध्ये गोखल्यांनी मुंबईहून बोलावून घेतले ते धोंडो केशव कर्वे. 1893 मध्ये कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं. मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं, त्यांच्या आईलाही त्याचा जाच झाला. पण कॉलेजात त्यांची जागा तशीच राहिली आणि 1914 पर्यंत ते तिथं गणित शिकवत राहिले. मी यावर पुष्कळदा विचार केला आहे. त्या जागी एखादा संस्थानिक किंवा सरकारी साहेब कॉलेज चालवत असता, गावातल्या चार वजनदार लोकांनी जाऊन कानाशी कुजबूज केली असती, तर? कर्व्यांचा निवाडा करायचा तो त्यांच्याबरोबर रोज शिकवणाऱ्यांनी. त्या सगळ्यांना विधवाविवाह पसंत होता असं नाही. पण हा माणूस गणित कसं शिकवतो, हे त्यांना ठाऊक होतं.

कर्व्यांच्याच घरी राहून शिकलेले त्यांचे मामेभाऊ रघुनाथ परांजपे. विलायतेला जाण्याआधी त्यांनी सोसायटीला शब्द दिला होता. केंब्रिजला 1899 मध्ये ते सीनियर रँग्लर झाले; असा मान मिळवणारे ते पहिले हिंदी. त्यानंतर त्यांना कुठंही मोठी जागा मिळाली असती. ते शब्दाप्रमाणे 75 रुपयांवर फर्ग्युसनात आले आणि 1902 मध्ये, सव्विसाव्या वर्षी, प्राचार्य झाले. वयानं मोठ्या प्रोफेसरांनी त्यांच्या हाताखाली काम केलं.

मोठे काका याच परांजप्यांचे विद्यार्थी, आणि त्यांच्यावर रागही धरून. कारण 1905 च्या दसऱ्याला विलायती कपड्यांची होळी झाली, त्यात पुढाकार घेतलेल्या सावरकरांना परांजप्यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. टिळकांनी केसरीत प्राचार्यांवर कडक टीका केली. मुलांनी दंडासाठी पैसे गोळा केले, त्यात आपलेही दोन आणे होते असं मोठे काका सांगत. (दादांच्या मते एक आणा.) दादा प्राचार्यांची अडचण सांगू पाहत: सरकारची मदत, सरकारचा डोळा, कॉलेज टिकवायचं. मोठे काका ऐकून घेत नसत. आणि आक्का विचारायची, "मग त्या पोराच्या जेवणाचं काय केलं हो?" तिला इतिहासातल्या प्रत्येक माणसाच्या जेवणाची काळजी. माझं मत विचाराल तर ती शिक्षा चुकीची होती. शिक्षकांनी मिळून चालवलेलं कॉलेज चुकत नाही असं मुळीच नाही. पण चूक कुणाची, हे तिथं शोधावं लागत नाही.

विश्रामबागच्या सभांमध्ये एवढं मोठं काही घडत नसे. दादांच्या आठवणीत राहिलेले विषय अगदी बारीक. वसतिगृहातल्या क्लबांचा हिशेब. क्लब म्हणजे मुलांनी मिळून चालवलेल्या खाणावळी. सातारा जिल्ह्यातल्या, कोल्हापूरकडच्या, बेळगाव-विजापूरकडच्या मुलांची चव वेगळी, तर तूप किती आणि भाकरी की पोळी यावरून तंटे. ग्रंथालयासाठी कानडी पुस्तकं किती घ्यायची आणि मराठी किती. हा प्रश्न तिथं खरा होता, कारण विलिंग्डन दोन्ही भाषांच्या मुलांचं कॉलेज होतं. रं. श्री. मुगळी तिथं कानडी शिकवत. विनायक कृष्ण गोकाक ऑक्सफर्डहून परतल्यावर तिथं प्राचार्य झाले. पुढं ज्ञानपीठ मिळालेले तेच गोकाक. मराठी मुलखातल्या कॉलेजला कानडी कवी प्राचार्य आहे, याचं कुणाला काही वाटत नसे. पुढं सीमाप्रश्न पेटला तेव्हा दादांना त्या दिवसांची फार आठवण यायची. ते आक्काशी मधूनच कानडीत बोलायचे, तेही आम्हाला कळू नये अशा गोष्टी असतील तेव्हाच.

अभ्यासक्रम मात्र दूर ठरायचा. आधी मुंबई विद्यापीठ, मग 1949 मध्ये पुणे विद्यापीठ निघालं तेव्हा पुणे, आणि 1962 च्या नोव्हेंबरात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाल्यावर ते. इमारत तीच, फळा तोच, आणि दादांच्या एका नोकरीत आणि निवृत्तीनंतरच्या थोड्या वर्षांत कॉलेजनं तीन विद्यापीठं पाहिली. त्यामुळे काय शिकवायचं यापेक्षा कसं शिकवायचं, कुणाला सांभाळून घ्यायचं, नापासाला पुन्हा बसवायचं की घरी पाठवायचं, असेच निर्णय सभेच्या हातात राहत. ते थोडे नाहीत. लहान कॉलेजातल्या मुलाचं आयुष्य अशाच निर्णयांवर फिरतं.

ही शपथेची रीत एकाच संस्थेपुरती राहिली नाही. गोखल्यांनी 1905 मध्ये भारत सेवक समाज काढला, त्यातही आजन्म सेवेची प्रतिज्ञा होती. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि आजीव सेवकांच्या जिवावर ती खेड्यापाड्यांत पोचली. ज्या घरांतून कुणी कधी कॉलेज पाहिलं नव्हतं त्या घरांतली मुलं साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात 1947 पासून जाऊ लागली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र मोडलं. ही गोष्ट ऐकली की आक्का हात जोडायची. इतिहासातल्या जेवणाचा प्रश्न एका बाईनं सोडवला, याचं तिला समाधान असावं.

मी स्वतः शिकवलं ते दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात. नाव सांगत नाही. सुरुवातीची वर्षं तिथं चांगल्या सभा होत. एक अजून आठवते. सकाळचा पहिला तास साडेसातला, आणि आमची निम्मी पोरं एस.टी.नं येणारी. हजेरी 75 टक्के पाहिजे, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. पहिल्या तासाला ती मुलं कायम गैरहजर. आम्ही तासभर हजेरीच्या नियमावर बोलत होतो. तेव्हा चहा घेऊन आलेले आमचे शिपाईमामा म्हणाले, "सर, गाडी सात चाळीसला येत्या. पोरं पळत आली तरी पावणेआठ." पहिला तास आठला करायचा ठराव लगेच झाला. द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत आणि ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या मुलांसाठी परत आल्यावर जादा तास घ्यायचंही अशाच एका सभेत ठरलं. ते तास आम्ही आळीपाळीनं घेतले, पैसे न घेता. मला माझ्या नोकरीतली सगळ्यांत अभिमानाची गोष्ट विचाराल, तर मी हीच सांगेन.

पुढं दिवस बदलले. पगार सरकारातून वेळच्या वेळी येऊ लागले ही मोठीच चांगली गोष्ट. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या मास्तरांनी पगाराची वाट पाहत उधारीवर महिने काढलेले मी पाहिलेत. पण त्याचबरोबर सभा लहान होत गेली. प्रोसिडिंग बुक आधीच लिहून येऊ लागलं. शिपाई ते स्टाफ रूममध्ये घेऊन फिरायचे आणि आम्ही सह्या करायच्या. एका वर्षी एक विषय बंद करायचा ठराव असाच 'सर्वानुमते' होऊन आला. सभा झालीच नव्हती. मी सहीच्या जागी लिहिलं, "या विषयावर सभा झाली नाही. मला ठराव मान्य नाही." हात थरथरत होता. विषय बंद झालाच. पण ती ओळ त्या वहीत आहे.

आणि आता तर निम्म्या वर्गांवर तासिका तत्त्वावरची मुलं-मुली शिकवतात. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली, तासागणिक मानधन घेणारी. ती रिकाम्या तासाला झाडाखाली डबा खातात आणि दुसऱ्या कॉलेजची गाडी पकडायला पळतात. त्यांना सभेत जागा नाही, निवडणुकीत मत नाही. शिकवतात तेच चालवतात, असं दादा म्हणत. यांच्याबद्दल ते काय म्हणाले असते? 75 रुपयांच्या लाइफ मेंबरानं गरिबी स्वतः पत्करली होती आणि कॉलेजात त्याचा शब्द चालायचा. या पोरांच्या वाट्याला नुसतीच गरिबी आलीय, आणि हा अन्याय आहे. त्यांच्या जागा भरा, त्यांना कायम करा, ही मागणी कॉलेजच्या कारभारापासून वेगळी काढता येत नाही.

कारभारात शिक्षकाला जागा आजही आहे. 1994 च्या विद्यापीठ कायद्यात प्रत्येक कॉलेजसाठी स्थानिक व्यवस्थापन समिती होती. 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 1 मार्च 2017 पासून लागू झाला, त्यात तिच्या जागी महाविद्यालय विकास समिती आली. पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तिघे तिच्यावर असतात, त्यांत एक तरी बाई असावी लागते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक निवडलेला प्रतिनिधी असतो, विद्यार्थ्यांचेही असतात. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. लाइफ मेंबरांच्या हाती होतं त्यापुढं हे फार थोडं आहे, पण कायद्यानं दिलेलं आहे आणि पुष्कळ कॉलेजांत ते कुणी मागत नाही म्हणून पडून आहे.

तुमच्या घरात कुणी कॉलेजात शिकवत असेल तर त्यांना एवढं सांगा. समितीच्या निवडणुकीला उभे राहा. विषयपत्रिका आधी मागून घ्या. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांचं म्हणणं विचारून सभेला जा, शिपाईमामांचंही. आणि ठराव पटला नाही, तर सही करण्याआधी तसं स्वतःच्या अक्षरात लिहा.